नवा हीटर बसवूनही एमजीबीत हवा गारच: दोष नेमका कुठे शोधावा

थंडी पडायला लागली की एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, चालवणाऱ्यांची एक तक्रार दर वर्षी नव्याने ऐकू येते. जुना हीटर गळत होता किंवा गार हवा देत होता म्हणून तो काढला, नवा मॅट्रिक्स, म्हणजे हीटरच्या पेटीतला तो छोटा रेडिएटर, विकत आणून बसवला, त्या अडचणीच्या जागेत हात सोलवटून घेतले, आणि गाडी सुरू केल्यावर काचेवर पुन्हा तीच कोमट, रडतखडत येणारी हवा. कधी पहिले काही आठवडे बरे जातात आणि मग हवा हळूहळू गार होत जाते. कधी पायाखालचा गालिचा पुन्हा ओला लागतो आणि नवा हीटरही गळकाच निघाला असे समजून तो दुकानदाराला परत पाठवला जातो. हे दुखणे वारंवार उलटते याचे कारण असे की बहुतेक वेळा मूळ दोष हीटरमध्ये नसतोच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी गाड्या डोळ्यांसमोर ठेवून पुढील विवेचन केले आहे. १९६२ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा हीटर हा जादा पैसे मोजून घ्यायचा भाग होता, आणि तो स्मिथ्स कंपनीच्या बनावटीचा असे. भारतातील वाचकांना या गाडीचे इंजिन अगदीच अनोळखी नाही, कारण अ‍ॅम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षे चाललेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन ही दोन्ही एकाच बी-सीरिज घराण्यातील आहेत. गाळ कुठे साचतो, पाणी कुठून कुठे जाते, याबाबत दोघांचा स्वभाव बराचसा सारखा आहे.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा फेरफार न केलेल्या मोटारींना मे २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीतून, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे का हे पाहणाऱ्या तपासणीतून, सूट आहे. आज प्रत्येक एमजीबी या सवलतीत बसू शकते. याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही: गाडी उचलून तिचे होज (रबरी नळ्या), क्लिपा आणि पाइप यांच्यावर वर्षातून एकदा तरी त्रयस्थाची नजर पडत असे, ती आता अनेक गाड्यांवर पडत नाही. पावसाळी थंड संध्याकाळी पुढची काच धुरकटली आणि ती साफ करणारी गरम हवाच नसेल, तर प्रश्न केवळ गारठलेल्या पायांचा राहत नाही. म्हणून हीटरचे काम मी चैनीच्या सदरात टाकत नाही, ब्रेकच्या शेजारी ठेवतो.

पाण्याचा मार्ग आधी समजून घ्यावा

इंजिनात तापलेले पाणी सिलिंडर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणासारख्या भागाच्या, मागच्या टोकाशी, डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला बसवलेल्या एका छोट्या व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. डॅशबोर्डवरील तापमानाची चकती फिरवली की केबलने हा व्हॉल्व्ह उघडतो. तिथून अर्धा इंच व्यासाच्या होजमधून पाणी बल्कहेडवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर) बसवलेल्या हीटरच्या पेटीत, मॅट्रिक्समध्ये जाते, आणि गार होऊन दुसऱ्या होजवाटे एका लांब धातूच्या पाइपमध्ये येते. हा परतीचा पाइप इंजिनाच्या कडेने पुढे जाऊन रेडिएटरच्या खालच्या होजला, म्हणजे वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला मिळतो. या संपूर्ण वाटेवर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) नाही. त्यामुळे रेडिएटरकडे जाणारी वाट थर्मोस्टॅटने अडवलेली असतानाही हीटरमधून पाणी फिरायला हवे, आणि रेडिएटर तापण्याआधी हीटर तापायला हवा. तो तसा तापत नसेल तर व्हॉल्व्ह, मॅट्रिक्स, परतीचा पाइप आणि अडकलेली हवा या चारांपैकी कशाने तरी वाट अडवली आहे. मॅट्रिक्स हा या चारांपैकी फक्त एक आहे, आणि नेमका तोच काढायला सर्वांत कठीण आणि किमतीला महाग आहे. तरीही बहुतेक जण सुरुवात त्याच्यापासूनच करतात.

दोन होज हाताने चाचपणे

पेटीला हात लावण्यापूर्वी ही एक चाचणी करावीच. गाडी पंधरा-वीस मिनिटे नीट चालवून इंजिन पूर्ण तापवावे, तापमानाची चकती शेवटपर्यंत गरम बाजूला फिरवावी, आणि बॉनेट उघडून मॅट्रिक्समध्ये जाणारा आणि त्यातून येणारा असे दोन्ही होज पेटीच्या अगदी जवळ एकाच वेळी दोन हातांत धरून पाहावेत. पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून हात, बाह्या व गळ्यातील मफलर दूर ठेवावा. इन्फ्रारेड तापमापक असेल तर उत्तमच, मात्र चकचकीत धातूवर तो खोटा, कमी आकडा दाखवतो. म्हणून जिथे मोजायचे तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजावे.

त्याआधी डॅशवरील तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आला आहे ना, एवढे पाहून घ्यावे. काटा खालीच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो किंवा कुणीतरी उन्हाळ्यात तो काढूनच टाकलेला असतो, आणि मग कोणताही हीटर उपयोगाचा नाही. नेहमीचा थर्मोस्टॅट ८२ अंश सेल्सिअसचा असतो. ७४ अंशांचा उष्ण हवामानासाठी आणि ८८ अंशांचा थंड हवामानासाठी. स्कॉटलंडकडे वर्षभर गाडी चालवणाऱ्याने ८८ चा बसवून पाहायला हरकत नाही.

आता होज काय सांगतात ते पाहू.

जाणारा होजच गार असेल

अशा वेळी मॅट्रिक्स तूर्त सोडून द्यावा, कारण गरम पाणी बहुधा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पहिला संशय केबलवर घ्यावा. आतली तार व्हॉल्व्हच्या दांडीशी आणि बाहेरचे वेष्टण एका छोट्या क्लिपने व्हॉल्व्हच्या अंगाशी आवळलेले असते. ही क्लिप ढिली असेल तर चकती फिरवल्यावर दांडी हलण्याऐवजी केबलचे वेष्टणच मागेपुढे सरकते, आणि आत बसून चकती फिरवणाऱ्याला मात्र व्हॉल्व्ह उघडल्यासारखे वाटते. दुसऱ्या माणसाला चकती फिरवायला सांगून आपण बॉनेटपाशी उभे राहावे आणि दांडी एका टोकाच्या थांब्यापासून दुसऱ्या टोकाच्या थांब्यापर्यंत पूर्ण जाते का, हे डोळ्यांनी पाहावे. अर्ध्यावर थांबत असेल तर क्लिप सोडून केबल पुन्हा बसवावी. तारेला मध्येच तीव्र बाक आला असेल तर ती सरळ करण्याच्या नादी न लागता बदलावी, कारण एकदा मुडपलेली तार पुन्हा त्याच जागी मुडपते.

केबल ठीक असेल तर व्हॉल्व्ह काढावा. तत्पूर्वी इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे आणि पाण्याची पातळी हेडच्या खाली उतरवावी. व्हॉल्व्ह निघाल्यावर हेडमधील ज्या भोकातून पाणी येते तिकडे टॉर्च मारून पाहा. पन्नास वर्षांच्या गंजाने आणि गाळाने ते भोक जवळपास बुजलेले मी अनेक गाड्यांवर पाहिले आहे: बाहेरून हाताला लागणारा व्हॉल्व्ह चकचकीत नवा, आणि त्याच्या मागे विटकरी रंगाचा, नखाने खरवडला तर खडूसारखा भुगा होणारा थर. कडक तारेने तो मोकळा करावा, मात्र तार आत ढकलण्यापेक्षा बाहेर ओढत काम करावे, नाहीतर तो सगळा गाळ हेडमध्येच पडून पुन्हा फिरायला मोकळा होतो. नव्या व्हॉल्व्हचा मार्ग आतून पूर्ण उघडतो का, हे बसवण्यापूर्वी तोंडाने फुंकून पाहावे. नवी पॅकिंग लावताना तिचे भोक हेडच्या भोकाशी तंतोतंत जुळते याची खात्री करावी, कारण पॅकिंग थोडी जरी सरकली तरी आधीच अरुंद असलेली वाट निम्मी होते. जुन्या पॅकिंगचे अवशेष पृष्ठभागावरून पूर्ण खरवडून काढले नाहीत तर तिथेच गळती सुरू होते आणि तिचे थेंब ब्लॉकच्या (हेडखालच्या इंजिनाच्या मुख्य अंगाच्या) मागून उतरल्यामुळे ती इंजिनाच्या मागच्या बाजूची वेगळीच भानगड वाटते.

जाणारा गरम, येणारा गार

ही स्थिती सर्वांत जास्त आढळते, आणि नवा मॅट्रिक्स बसवल्यावरही हीच कायम राहिली तर माणूस खचतो. इथे तीन शक्यता आहेत: मॅट्रिक्स तुंबलेला आहे, त्याच्या पुढचा परतीचा पाइप तुंबलेला आहे, किंवा मॅट्रिक्समध्ये हवा अडकली आहे. तिघांत भेद करणे अवघड नाही. इंजिन गार असताना दोन्ही होज मॅट्रिक्सपासून सोडवावेत, एका नळीने मॅट्रिक्समध्ये बागेच्या पाइपाचे पाणी अगदी हलक्या दाबाने सोडावे आणि दुसऱ्या तोंडातून किती धार येते ते बादलीत पाहावे. मोकळ्या मॅट्रिक्समधून धार सहज, भरून येते. मग हाच प्रयोग परतीच्या पाइपावर वेगळा करावा. हा पाइप पोलादी असेल तर तो आतून गंजून फुगतो आणि त्याची आतली वाट पेन्सिलीएवढी उरते, पण बाहेरच्या रंगाकडे पाहून ते कळत नाही. तांब्याचा किंवा स्टेनलेस स्टीलचा नवा पाइप स्वस्तात मिळतो, आणि माझ्या मते हीटर बदलणाऱ्याने तो त्याच वेळी बदलावा.

आता मुख्य मुद्दा. नवा मॅट्रिक्स काही आठवड्यांत तुंबतो तो का? कारण गाळ हीटरमध्ये तयार होत नाही, इंजिनात तयार होतो. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये, मागच्या सिलिंडरभोवती, पाण्याचा वेग कमी असतो आणि तिथे गंजाचा चिखल बसून राहतो. आपण कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाण्याचे मिश्रण, बदलतो तेव्हा रेडिएटर रिकामा होतो, पण ब्लॉकच्या मागच्या भागातील निचऱ्याचा नळ किंवा प्लग फारसे कुणी उघडत नाही. तो उघडून पाहा. बऱ्याच गाड्यांवर प्लग पूर्ण निघाला तरी भोकातून एक थेंबही येत नाही. मग तारेने टोचत राहिले की आधी थोडे काळसर पाणी झिरपते, मग दाट तपकिरी चिखल लोंबत बाहेर येतो आणि शेवटी एकदम धार सुटते. हा चिखल आत ठेवून नवा मॅट्रिक्स लावला तर त्याच्या बारीक नळ्या गाळणीचे काम करतात आणि सगळा गाळ आनंदाने आपल्यात साठवून घेतात. पैसे गेले, श्रम गेले, आणि दोष बिचाऱ्या नव्या मॅट्रिक्सच्या माथी.

म्हणून क्रम असा ठेवावा की आधी इंजिन साफ करायचे आणि मगच नवा मॅट्रिक्स जोडायचा. त्यासाठी जुनी पेटी काढल्यावर व्हॉल्व्हपासून परतीच्या पाइपापर्यंत एक साधा होज थेट जोडून मधला मॅट्रिक्स तात्पुरता वगळावा. थर्मोस्टॅट काढून ठेवावा, ब्लॉकचा नळ उघडा ठेवून हेडच्या बाजूने साधे पाणी सोडावे, मग उलट दिशेने सोडावे, आणि खालून निवळ पाणी येईपर्यंत हे आलटून पालटून करावे. हट्टी गाळासाठी दुकानात मिळणारे कूलिंग सिस्टिम साफ करणारे द्रावण वापरता येते, पण तेही याच टप्प्यावर, कारण नवा मॅट्रिक्स अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर लोखंडाचा गंज काढणारे आम्लधर्मी द्रावण त्याच्या पातळ नळ्यांना मानवत नाही. हे पाणी रस्त्यावरच्या गटारात सोडू नये. जुन्या कूलंटमधील इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. अंगणात सांडलेले थारोळे चाटून मांजरे दगावतात. ते डब्यात भरून नगरपालिकेच्या संकलन केंद्रावर द्यावे.

दोन्ही होज गरम, तरी हवा गार

ही स्थिती असेल तर पाण्याची बाजू पूर्ण निर्दोष आहे आणि दोष हवेच्या बाजूला आहे. दुर्दैवाने याही स्थितीत मॅट्रिक्स बदलणारे लोक आहेत.

हीटरच्या पेटीत मॅट्रिक्सच्या चारही बाजूंनी फोमच्या पट्ट्या असतात. त्यांचे काम एकच: पंख्याने ढकललेली सगळी हवा मॅट्रिक्सच्या पापुद्र्यांमधूनच जायला भाग पाडणे. मूळ फोम पन्नास वर्षांत कुजून काळी, चिकट भुकटी झालेला असतो. पेटी उघडली की तो बोटांना लागतो आणि साबणानेही लवकर निघत नाही. तो गेल्यावर मॅट्रिक्सच्या कडेने फट पडते, आणि हवेला जिथे कमी अडथळा तिथून ती जाते, म्हणजे गरम पापुद्रे टाळून कडेने. नव्याने बनवलेले काही मॅट्रिक्स मूळ मापापेक्षा किंचित बारीक असतात, त्यामुळे जुन्या मापाच्या पट्ट्या लावल्या तरी फट राहते. मॅट्रिक्स पेटीत ठेवून, पेटी बंद करण्यापूर्वी, चारही बाजूंना पातळ पुठ्ठ्याची पट्टी सरकवून पाहावी. जिथे ती सहज आत जाते तिथे फोमचा आणखी एक थर हवा. फोम बंद छिद्रांचा घ्यावा, निओप्रीनच्या प्रकारचा. गाद्यांचा साधा फोम पाणी शोषून धरतो आणि पेटीचा पत्रा आतून गंजवतो. पेटी बल्कहेडवर जिथे टेकते त्या कडेलाही हाच फोम लागतो, नाहीतर तापलेली हवा केबिनऐवजी इंजिनाच्या खोलीत निसटते आणि उलट तिकडचा धूर व पेट्रोलचा वास आत येतो.

मग हवेच्या झडपा. चकती फिरवल्यावर झडप खरोखर फिरते का, काचेकडे जाणाऱ्या दोन नळ्या आपापल्या तोंडांवर घट्ट बसल्या आहेत का, हे डॅशखाली डोके घालून पाहण्याला पर्याय नाही. पेटी बसवताना या नळ्यांपैकी एक सुटली तर काचेची एकच बाजू साफ होते, हे लक्षण अगदी नेमके आहे.

हवा गरम पण अगदी मंद असेल तर पंख्याची दिशा तपासावी. १९६७ च्या अखेरीस आलेल्या मार्क २ या सुधारित आवृत्तीपूर्वीच्या गाड्यांमध्ये बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला असे, त्यानंतरच्या गाड्यांमध्ये ऋण ध्रुव. आज मिळणाऱ्या पंख्याच्या बदली मोटारी बॉडीला ऋण ध्रुव जोडलेला आहे असे गृहीत धरून बनवलेल्या असतात. कायमस्वरूपी चुंबकाच्या मोटारीला उलट ध्रुवता मिळाली की ती उलट फिरते. पंखा ढोलासारखा, कडेने पाती असलेला असेल तर उलट फिरूनही तो थोडी हवा देतोच, त्यामुळे मोटार चालू आहे या समाधानात हा दोष महिनोन्महिने लपून राहतो. जुन्या गाडीवर मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल करावी, आणि मोटारीचे कवच तिच्या एका तारेशी आतून जोडलेले असेल तर ते बॉडीपासून अलग ठेवण्याची सोय आधी करावी.

फ्यूजविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यापायी वायरिंग जळू शकते. ल्युकस या विद्युत भाग बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर छापलेला ३५ अँपिअर हा आकडा तो वितळण्याचा आहे. सतत वाहू द्यायचा प्रवाह १७ अँपिअर आहे. आजच्या पद्धतीचा ३५ अँपिअरचा फ्यूज सतत ३५ अँपिअर वाहू देतो, आणि मग आधी तार वितळते. ताकदवान नवी मोटार बसवणार असाल तर तिला स्वतंत्र रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि स्वतंत्र फ्यूज द्यावा.

ओला गालिचा म्हणजे गळका हीटर नव्हे

काचेपुढच्या जाळीतून हवेबरोबर पावसाचे पाणीही आत उतरते. ते बल्कहेडमधील पोकळीत जमून तळाच्या रबरी नळीवाटे गाडीखाली गिअरबॉक्सच्या बोगद्याकडे निघून जावे अशी योजना आहे. ही नळी पाला, फोमची भुकटी आणि माती यांनी बुजते. मग पोकळी भरते आणि वळणावर किंवा ब्रेक लावताना पाणी थेट पायांवर सांडते. ओलावा बोटाला तेलकट, किंचित चिकट आणि गोडसर वासाचा असेल तर ते कूलंट आहे. तो नुसता ओला असून पावसानंतरच दिसत असेल तर ते पावसाचे पाणी आहे. शंका राहिलीच तर पांढरा कागदी रुमाल टेकवून पाहावा, निळ्या कूलंटचा डाग लगेच दिसतो. चव घेऊन पाहण्याचा मोह कुणीही करू नये. हीटरची पेटी काढलेली असतानाच ही नळी नवी घालणे सोपे असते. पेटी बसल्यावर तिच्यापर्यंत हात पोचवणे जिकिरीचे होते.

पेटी काढणे आणि बसवणे

सर्वप्रथम बॅटरी सोडवावी. १९७४ पर्यंतच्या बऱ्याच गाड्यांमध्ये सीटमागच्या फळीखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, तेव्हा एकीची जोडणी काढली तरी पुरे. पाणी काढून होज, व्हॉल्व्हची केबल आणि मोटारीच्या तारा सोडवाव्यात, आतून मधला कन्सोल काढून काचेकडच्या दोन्ही नळ्या आणि झडपांच्या केबली मोकळ्या कराव्यात, मग पेटीचे स्क्रू काढावेत. इंचाच्या मापाचे पाने वापरावेत, मिलिमीटरच्या पान्याने जवळपास बसणारे डोके गोल होऊन बसते. एवढे झाल्यावरही पेटी हलत नाही, कारण तिला जुना फोम आणि रंगाचे थर धरून ठेवतात. पातळ सुरी कडेने फिरवून तिला सोडवावे. मॅट्रिक्सच्या नळ्यांना धरून ओढू नये. बॉनेट पूर्ण काढून ठेवले तर कंबर आणि रंग दोन्ही वाचतात, आणि या कामाला दुसरा माणूस हवाच.

जुना होज नळीवरून निघत नसेल तर तो पिळू नये, उभा चिरून काढावा. नवे होज तर घालायचेच आहेत.

नवा मॅट्रिक्स पेटीत घालण्यापूर्वी त्याची गळती तपासावी. एक तोंड बुचाने बंद करावे, दुसऱ्याला होजचा तुकडा लावून त्यातून मापक असलेल्या सायकलच्या पंपाने हवा भरावी आणि मॅट्रिक्स पाण्याच्या टबात बुडवून धरावा. गाडीच्या रेडिएटरच्या टोपीवर दाब लिहिलेला असतो, बहुधा दर चौरस इंचाला ७ किंवा १० पौंड. चाचणी त्याच्या किंचित वर, १५ पौंडांच्या आत करावी. एक-दोन मिनिटे बुडबुडा आला नाही तर मॅट्रिक्स पास. ही चाचणी दहा मिनिटांची आहे, आणि गळका निघालेला मॅट्रिक्स टेबलावरून परत पाठवणे व गाडीतून काढून परत पाठवणे यात पूर्ण दिवसाचा फरक आहे.

भरताना हवा अडकू न देणे

सगळे नीट बसवूनही शेवटी हीटर गार राहतो तो बहुधा इथे. केवळ रेडिएटरच्या तोंडातून कूलंट ओतले तर मॅट्रिक्समधील हवेला बाहेर पडायला वाट नसते. गाडीचा पुढचा भाग रॅम्पवर चढवून रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच करावे. हीटरची चकती पूर्ण गरम बाजूला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा. मग मॅट्रिक्सकडून येणारा होज परतीच्या धातूच्या पाइपापासून सोडवून उंच धरावा आणि छोट्या नरसाळ्याने त्यातून सावकाश कूलंट ओतावे. ते मॅट्रिक्समधून उलटे जाऊन व्हॉल्व्हवाटे हेडमध्ये उतरते आणि हवा पुढे ढकलली जाऊन रेडिएटरच्या तोंडातून बुडबुड्यांच्या रूपाने निघते. होज काठोकाठ भरल्यावर धातूच्या पाइपातही कूलंट ओतून, दोन्ही पटकन जोडून क्लिप आवळावी. नंतर रेडिएटर भरावा आणि टोपी न लावता इंजिन सुरू करून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पातळी खाली जाईल तसे भरत राहावे. नंतरच्या काळातील ज्या गाड्यांना वेगळी विस्तार टाकी आहे त्यांत टाकीही याच वेळी खुणेपर्यंत भरावी. एकदा लावलेली टोपी इंजिन तापलेले असताना मध्येच उघडू नये.

कूलंट पारंपरिक निळे, इथिलिन ग्लायकॉलचे, पाण्याशी साधारण एकास दोन ते एकास एक प्रमाणात घ्यावे. ऑरगॅनिक अ‍ॅसिड प्रकारचे, बहुधा लाल किंवा नारिंगी रंगाचे कूलंट आधुनिक गाड्यांसाठी चांगले असले तरी जुन्या पॅकिंगा आणि शिशाचे डाग दिलेले रेडिएटर असलेल्या गाडीत मी घालत नाही. रंगावर मात्र विसंबू नये, डब्यावरचा प्रकार वाचावा.

नीट भरल्यावरही दर आठवड्याला हीटर पुन्हा गार पडत असेल आणि प्रत्येक वेळी हवा काढल्यावर बरा होत असेल, तर हवा बाहेरून नव्हे, इंजिनातून येते आहे. हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगमधून, ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत असल्याचे हे लक्षण असू शकते. रेडिएटरच्या तोंडावर धरायचे तपासणीचे द्रावण मिळते, ते वायूच्या संपर्काने निळ्याचे पिवळे होते. तसे झाले तर हीटरला हात न लावता हेडकडे वळावे.

पहिल्या शंभर-दीडशे मैलांनंतर, इंजिन पूर्ण गार असताना, सर्व होजच्या क्लिपा पुन्हा एकदा आवळाव्यात, कारण नवे रबर तापून-निवून थोडे दबते आणि पहिली गळती तिथेच होते. त्याच वेळी रेडिएटरची पातळी पाहावी, व्हॉल्व्हच्या पॅकिंगखाली कोरडा कागद फिरवावा, आणि चकती गार बाजूला नेल्यावर जाणारा होज खरोखर गार पडतो का तेही तपासावे. तो गरमच राहत असेल तर केबलच्या वेष्टणाची क्लिप सोडून, व्हॉल्व्हची दांडी बंद थांब्याला टेकवून, चकती गार टोकाला ठेवून क्लिप पुन्हा आवळावी आणि मग उघड्या बाजूचा थांबाही पूर्ण गाठला जातो याची खात्री करावी.